कुणग्यांतील खत कोठें जातें?

राजापूर तालुक्यांतील नाटे हें जैतापूरच्या खाडीकांठचें गांव. खाडीच्या मुखापाशीं यशवंतगडाचे बुरूज, एका अंगास मासेमारीच्या होड्या, दुसऱ्या अंगास जांभ्याच्या सड्यावरील कलमांच्या बागा आणि मधल्या सखल भागांत भाताचे लहान लहान कुणगे. ज्या वाचकांचें मूळ घर या बाजूस आहे त्यांस हें दृश्य परिचयाचें आहे. परंतु अलीकडे कोकणांत गेलें असतां आषाढांतहि लावणीवांचून राहिलेले कुणगे दिसतात, आणि कारण विचारल्यास उत्तर एकच मिळतें : ‘भातशेती परवडत नाहीं.’ हें उत्तर खोटें नाहीं; पण तें अपुरें आहे.

शेतकरी खत घालीत नाहीं असें नाहीं. तो युरियाची गोणी आणतो, पुष्कळदां उधारीवर आणतो, आणि मुठीनें कुणग्यांत फेंकतो. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास सरासरीनें तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आपल्याकडे पाणी एका कुणग्यांतून मेर ओलांडून खालच्या कुणग्यांत उतरतें. युरिया पाण्यांत चटकन् विरघळतो. त्याच रात्रीं मोठी सर आली कीं, गोणींतील बराच भाग ओढ्यास मिळतो. कांहीं अंश वायुरूपानें उडून जातो. शिवाय जांभ्याची माती आम्ल असल्यामुळें तींतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदास बांधून ठेवतात. म्हणजे पैसा घरचा आणि पीक खाडीचें, असा हा व्यवहार होतो.

सुधारलेलें बियाणें हा यावर अर्धाच उपाय आहे. १९६६ सालीं फिलिपाइन्समधून आय्. आर्. ८ हें बुटकें भात जगापुढें आलें. त्यानंतर आपल्याकडेहि शिरगांव व कर्जत येथील केंद्रांनीं रत्नागिरी १, रत्नागिरी २४, कर्जत ३ असे वाण दिले. उंच देशी भातास नत्र अधिक मिळाल्यास तें लोळतें. बुटकें भात उभें राहून दाणा भरतें. पण नत्र मुळाशीं पोंचलाच नाहीं, तर उत्तम बियाणेंहि काय करणार? आफ्रिकेंतील मलावी देशानें २००५ पासून लहान शेतकऱ्यांस मक्याचें बियाणें व खत सवलतीनें दिलें. मका वाढला, पण खताचे भाव चढतांच त्या सरकारच्या तिजोरीवर केवढा भार पडला! खत स्वस्त करण्याइतकेंच तें वायां न जाऊं देणें महत्त्वाचें आहे.

या बाबतींत डॉ. एन्. के. सावंत यांनीं पुरस्कारिलेली ‘चारसूत्री’ पद्धति कोकणास विशेष मानवण्यासारखी आहे. पहिलें सूत्र, भाताच्या तुसाची काळसर राख रोपवाटिकेंत मिसळावी. तींतील सिलिकेमुळें रोप ताठ होतें. दुसरें, गिरिपुष्पाचा हिरवा पाला लावणीपूर्वीं चिखलांत गाडावा. तिसरें, आळीपाळीनें १५ व २५ सेंटिमीटर अंतर ठेवून दोरीवर लावणी करावी. चौथें, लावणीच्याच दिवशीं जवळजवळच्या चार चुडांच्या मध्यावर युरिया व डीएपी यांची दाबून केलेली २·७ ग्रॅमची एक गोळी चार बोटें खोल खोंचावी. खालच्या चिखलांत हवा पोंचत नसल्यानें नत्र तेथेंच धरून राहतो व मुळें तो सावकाश घेतात. गुंठ्यास सुमारें ६३० गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलो खत पुरतें.

तरी या पद्धतींत अडचणी नाहींत असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. भर पावसांत वांकून एकेक गोळी खोंचण्याचें काम बहुधा स्त्रियांच्या वांट्यास येतें, आणि लावणीच्या ऐन घाईंत मजूर मिळणें आधींच कठीण. गोळ्या वेळेवर न मिळाल्या तर सारा बेत फसतो. बुटक्या भाताचा पेंढाहि कमी, म्हणून ज्याच्या गोठ्यांत गुरें आहेत तो जुनें भात सहजासहजीं सोडीत नाहीं. त्यास अडाणी म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. उलट, सरळ वाणांचें बी निवडून पुढील वर्षीं पेरतां येतें, पण संकरित बियाणें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें, हा हिशेबहि त्याच्या ध्यानीं असतो.

शहरांत राहून आपण गांवच्या घराची कौलें शाकारण्यास पैसे पाठवितों; कुणग्याची आठवण मात्र नव्या तांदळाची पिशवी आली म्हणजे होते. यंदा गांवीं जाल तेव्हां जमीन करणारास सगळी शेती बदलण्याचा उपदेश करूं नका. एका गुंठ्याचा प्रयोग सुचवा, त्याच्या गोळ्यांचा व अधिक मजुरीचा खर्च आपण सोसा, आणि शेजारच्या गुंठ्याचें भात वेगळें झोडून दोन्हीं मापून पाहा. माप अधिक भरलें तर पुढील वर्षीं दुसरा गुंठा तोच करील. न भरलें, तर नुकसान आपलें, त्याचें नव्हे. ज्याच्या घरीं वर्षाची बेगमी एवढ्याशा कुणग्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा करण्यापूर्वीं निदान इतका वांटा आपण उचलला पाहिजे.