भट्टीच्या धुरातील कार्बोनिलांचा माग

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो आणि कुंथलगिरीच्या पेढ्याची ख्यातीही या खव्यावरच उभी आहे. लाकडावर चालणाऱ्या खव्याच्या भट्टीपाशी डोळे चुरचुरतात ते केवळ काजळीमुळे नव्हे. लाकूड अर्धवट जळताना फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलिन अशी कार्बोनिल संयुगे, म्हणजे कार्बन व ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला गट असणारी संयुगे, धुराबरोबर बाहेर पडतात. यांपैकी फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग घडवते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. तरीही भारताच्या २००९ च्या वायुगुणवत्ता मानकांतील बारा प्रदूषकांत त्याचा समावेश नाही, ही उणीव खटकणारी आहे.

हे रेणू मोजणे सोपे नाही, कारण ते लहान, उडून जाणारे आणि विद्युतभाररहित असतात. फॉर्माल्डिहाइड तर उणे १९ अंश सेल्सियसलाच उकळते. म्हणून हवा पंपाने ओढून अभिकर्मक लावलेल्या छोट्या नळीतून नेतात, तेथे कार्बोनिल गटाची अभिकर्मकातील हायड्राझिन गटाशी अभिक्रिया होऊन हायड्राझोन हे स्थिर संयुग बनते. हवेतील ओझोन मात्र अभिकर्मक आणि हायड्राझोन दोन्ही नासवतो, त्यामुळे नळीच्या आधी पोटॅशियम आयोडाइडचा थर ठेवून त्याला तेथेच अडवावे लागते.

पुढचे काम कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचे, म्हणजे केसासारख्या बारीक काचनळीत विद्युतदाबाने आयन वेगळे करण्याचे. नळीचा आतला व्यास सुमारे ५० ते ७५ मायक्रोमीटर असतो आणि तिच्या टोकांमध्ये २० ते ३० हजार व्होल्टपर्यंतचा दाब देतात. नेहमीच्या अभिकर्मकाचे हायड्राझोन भाररहित असल्याने येथे ते वेगळे होत नाहीत. त्याऐवजी ४-हायड्राझिनोबेंझोइक आम्ल वापरले, तर प्रत्येक रेणूला ऋणभार वाहणारी शेपूट जोडली जाते. नळीतील द्रावणाचा प्रवाह सर्वांना ऋणाग्राकडे वाहून नेतो, पण ऋण आयन उलट दिशेने ओढले जातात आणि लहान आयन त्या दिशेने अधिक वेगाने सरकत असल्यामुळे फॉर्माल्डिहाइड सर्वांत मागून पोचते.

या पद्धतीवर ब्राझीलमध्ये विशेष काम झाले, हे स्वाभाविकच होते: तेथील अनेक वाहने उसापासून काढलेल्या इथेनॉलवर चालतात आणि इथेनॉल जळताना ॲसिटाल्डिहाइड वाढते. उसाचा पट्टा असलेल्या धाराशिवलाही, पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढले असताना, तो प्रश्न परका राहिलेला नाही. या पद्धतीला एक मर्यादाही आहे: काचनळी इतकी अरुंद असते की रेणू मोजण्यासाठी सोडलेल्या प्रकाशाला नमुन्यातून जाण्यास अत्यल्प अंतर मिळते, म्हणून संवेदनक्षमता घटते. अधिकृत मोजणीत द्रव क्रोमॅटोग्राफीच टिकून आहे त्याचे हे एक कारण. पण त्या यंत्राला ॲसिटोनायट्राइलसारखे महाग विद्रावक सतत लागतात, तर काचनळीचे काम काही मिलिलीटर जलीय द्रावणावर भागते. तेव्हा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने भट्टीवरचे नमुने स्वतः तपासायचे ठरवल्यास हाच मार्ग खिशाला अधिक परवडेल.