आजीच्या डब्यातली कॅप्सूल

परवा चौथीतला एक मुलगा गाल धरूनच वर्गात आला. "मॅडम, दाढ लय दुखून राह्यली. आजीच्या डब्यातली कॅप्सूल खाल्ली." अँटिबायोटिकच्या आणखी दोन त्याच्या खिशात होत्या! त्या मी काढून घेतल्या, त्याला दवाखान्यात पाठवलं आणि गणित बाजूला ठेवलं.

माणसांच्या तोंडात मिळून सुमारे ७०० जातींचे जिवाणू सापडतात. बहुतेक गरीब बिचारे. पेनिसिलीन काय करतं? जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटतं. गवंडीच अडकला, मग भिंत कशी उभी राहणार? जिवाणू फुटतो. पण हा गवंडी कसा घडवायचा, ते जनुकात लिहिलेलं असतं. जनुक बदललं, की गवंडीही बदलतो आणि पेनिसिलीन त्याला नीट चिकटत नाही. औषधानं बाकीचे मरतात, हे चिवट तेवढे उरतात, वाढतात.

खरी गंमत पुढेच आहे. मेलेल्या जिवाणूचे जनुक शेजारचा जिवाणू चक्क उचलून घेतो! जिवाणूंचे गुण असे एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे ग्रिफिथ यांना १९२८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. तोंडातल्या साध्यासुध्या 'स्ट्रेप्टोकोकस मायटिस'कडून न्यूमोनियाच्या जिवाणूनं असेच बदललेले तुकडे घेतल्याचं पुढे आढळलं. म्हणजे गोळी खाल्ली दाढेसाठी, आणि शहाणा झाला न्यूमोनियाचा जंतू!

दुसऱ्या दिवशी स्वारी हसत आली. डॉक्टरांनी कीड कोरून दाढ भरली होती, अँटिबायोटिक दिलंच नव्हतं.

"आणि आजीचा डबा?"

"मायनं रिकामा केला, मॅडम. आता त्यात सुपारी हाय."