वकीलपत्रावर सही केली म्हणजे नेमके काय दिले?

तालुक्याच्या न्यायालयातील अनुभवी वकील सहसा एकाच प्रकारच्या कामात अडकलेला नसतो. सकाळी वाटपाच्या दाव्यात उलटतपासणी, दुपारी मारहाणीच्या गुन्ह्यात जामीन अर्ज, मध्येच धनादेश न वटल्याचा खटला किंवा पोटगीची तारीख. अनेक ठिकाणी दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कामे एकाच न्यायाधीशापुढे चालतात. मोठ्या शहरांत विषयवार वकील मिळतात. तालुक्याला मात्र जमिनीच्या भांडणातून फौजदारी तक्रार निघते आणि दोन्ही कागद एकाच वकिलाच्या टेबलावर येतात. यात तोटाच असतो असे नाही, कारण एका प्रकरणातला जबाब दुसऱ्यात कसा वापरला जाईल हे त्याला आधीच दिसते.

अनुभव कुठे कामी येतो?

भाषणात कमी, पुराव्यात जास्त. दिवाणी दाव्यात सरतपासणी आता शपथपत्रावर होते. खरी लढत उलटतपासणीत असते. समजा, भावाने शपथपत्रात म्हटले की वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटप झाले. या विधानावर उलटतपासणीत एकही प्रश्न विचारला नाही, तर ते मान्य असल्याचे धरले जाऊ शकते. उलट, उत्तर काय येणार हे माहीत नसताना विचारलेला एक जादा प्रश्न समोरच्याची बाजू भक्कम करून जातो. कोणता प्रश्न टाळायचा, हे पुस्तकातून फारसे शिकता येत नाही.

हे महत्त्वाचे अशासाठी की अपिलात नवा पुरावा देण्याची मुभा अपवादानेच मिळते. वरचे न्यायालय मुख्यतः खाली नोंदवलेले कागदच वाचते. जी गोष्ट दाव्यात किंवा कैफियतीत लिहिलीच नाही, तिच्यावर नंतर दिलेला पुरावाही सहसा विचारात घेतला जात नाही. म्हणून अडचणीचा कागदही वकिलाला दाखवायला हवा. दहा वर्षांपूर्वी सही केलेले हक्कसोडपत्र समोरच्या वकिलाच्या हातात पहिल्यांदा दिसले, तर तेव्हा सावरायला काही उरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार पक्षकाराने सांगितलेले वकिलाला त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. गुन्हा किंवा बेकायदा काम करण्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला मात्र हे संरक्षण नाही.

वकीलपत्रात काय लिहिलेले असते?

बहुतेक छापील नमुन्यांत वकिलाने हजर राहणे, अर्ज देणे, पैसे स्वीकारणे, तडजोड करणे, दावा काढून घेणे असे अधिकार एका दमात लिहिलेले असतात. पक्षकार ते न वाचता सही करतो, कधी तर कोऱ्या नमुन्यावर. हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पक्षकाराच्या हक्कांवर परिणाम करणारी कबुली किंवा सवलत वकिलाने सूचनेशिवाय देऊ नये. तरीही तडजोडीचा अधिकार नको असेल, तर ते वाक्य सहीपूर्वीच खोडून घेणे सोपे.

सही झाली म्हणजे पक्षकाराची जबाबदारी संपत नाही. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. ती चुकली तर कैफियतीशिवाय दावा पुढे नेण्याचा आदेश होतो आणि तो रद्द करून घेण्यात महिने जातात. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटले होते. पण नंतरच्या निकालांत, पक्षकाराने स्वतः काय चौकशी केली, हेही विचारले गेले आहे. ई-कोर्ट्स अॅपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

वकील बदलायचा असेल तर?

बदलता येतो. नवा वकील साधारणपणे जुन्याची नाहरकत घेतो. ती मिळाली नाही, तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच ठरले आहे. 'जिंकलो तर जमिनीतला इतका हिस्सा' असा फीचा करारही भारतात वकिलाला करता येत नाही.

गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी, तसेच महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते. या शेवटच्या गटांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज न्यायालयाच्या आवारातच करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर विचारता येते.