गाण्याला चिकटलेलं वय

लिंकिन पार्क हा अमेरिकी रॉक बँड जानेवारी २०२६मध्ये मुंबईत, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येणार हे जाहीर झालं आणि कॉलेजचे निपचित पडलेले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुन्हा गजबजले. तिकिटांच्या दरापेक्षा वाद पेटला तो दुसऱ्याच मुद्द्यावर: गायक चेस्टर बेनिंग्टन नाही, मग ते लिंकिन पार्क कसलं? तो जुलै २०१७मध्ये हे जग सोडून गेला. सप्टेंबर २०२४मध्ये एमिली आर्मस्ट्राँग गायिका म्हणून बँडमध्ये आली, तेव्हापासून हे भांडण जगभर चालू आहे. आपल्याकडे ते भांडणारे बहुतेक जण आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. चेस्टरच्या आवाजाला त्यांचं बारावीचं, हॉस्टेलचं वय चिकटलेलं आहे. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

साधारण १० ते ३० या वयातलं आयुष्य माणसाला पुढे जास्त लख्ख आठवतं, हे मानसशास्त्रज्ञ कधीपासून सांगताहेत. गाण्यांच्या बाबतीत त्याचा पाठपुरावा केला तो अमेरिकेतल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या पेत्र जनाटा यांनी. विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणी आणि शाळकरी वयात गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले, तर सरासरी ३० टक्के तुकड्यांनी त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी वर काढलं. पुढे २००९मध्ये त्यांनी मेंदूचे स्कॅन काढून अशा वेळी कपाळामागचा कुठला भाग कामाला लागतो तेही दाखवलं.

मला मात्र त्या ३० टक्क्यांपेक्षा उरलेल्या ७० टक्क्यांचं कुतूहल आहे. ती गाणीही ओळखीची असतील, मग ती गप्प का राहतात?

लिंकिन पार्कचाच ‘मेटिओरा’ हा २००३चा अल्बम घ्या. त्यातलं शेवटचं गाणं ‘नम्ब’. दुसऱ्यांच्या अपेक्षांखाली घुसमटलेल्या मुलाचं गाणं, त्यामुळे इंजिनिअरिंगला ढकललेल्या अर्ध्या महाराष्ट्राला ते आपलंच वाटलं. त्याच्या आधी अल्बममध्ये येतं ‘सेशन’, शब्दच नसलेला एक तुकडा. आमच्यापर्यंत हा अल्बम कुणीतरी राइट करून आणलेल्या एमपीथ्री सीडीवरून पोचला. फायली एबीसीडीच्या क्रमाने लागायच्या, म्हणून आमच्याकडे आधी ‘नम्ब’ आणि मग ‘सेशन’. आजही ‘नम्ब’ संपलं की कान ‘सेशन’ची वाट बघतात.

‘नम्ब’ मी लग्नांच्या पार्ट्यांत, जिममध्ये, रिक्षात, कुणाच्या ना कुणाच्या रिंगटोनवर ऐकलं. ते आजही अंगावर काटा आणतं, पण नेमकी कशाची आठवण करून देत नाही. ‘सेशन’ मात्र बाहेर कुठे कधी वाजलंच नाही. ते लागलं की थेट सबमिशनची रात्र उभी राहते: दोन खुर्च्यांवर आडवी टाकलेली काच, खाली पेटवलेला बल्ब, वर मित्राची शीट आणि तिच्यावर माझी कोरी. जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारताना काच तापायची, मनगटाच्या घामाने पेन्सिल पसरायची, म्हणून हाताखाली वर्तमानपत्राची घडी. त्या घडीवरच्या शाईचा वाससुद्धा येतो.

याचं कारण स्मृतीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. एकाच खुणेला जितक्या जास्त गोष्टी बांधल्या जातील, तितकी त्यांतली एखादी नेमकी गोष्ट वर येणं अवघड होतं. म्हणून आवडतं गाणं रात्रंदिवस लूपवर लावणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एखादं तरी कमी ऐका. ते पुढे कामाला येईल.

बँडने २०२३मध्ये, ‘मेटिओरा’ला २० वर्षं झाली म्हणून, ‘लॉस्ट’ हे गाणं बाहेर काढलं. अल्बमच्याच काळात केलेलं, पण त्यात न घेतलेलं. आवाज ऐन भरातल्या चेस्टरचा, २०१७मध्येच गेलेल्या माणसाचा. मी ते ऐकलं आणि घशात आवंढा आला, पण हॉस्टेल आलं नाही, मित्र आले नाहीत. आवाज २००३चा होता, गाण्याच्या आत मात्र २००३ नव्हतं, कारण तेव्हा आम्ही ते ऐकलंच नव्हतं. आवाज परत मिळाला म्हणून आठवण परत मिळत नाही. मग आवाज बदलला म्हणून ती जाईल तरी कशी?

चेस्टर गेल्यावर तीन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१७मध्ये हॉलिवुड बोलमध्ये श्रद्धांजलीची मैफल झाली. ‘नम्ब’च्या वेळी त्याच्या जागी फुलं वाहिलेला माइकचा स्टँड उभा होता. बँडने नुसतं वाजवलं आणि गायलं प्रेक्षकांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. महालक्ष्मीलाही लोक असेच गातील याची मला खात्री आहे. म्हणून वाद घालणाऱ्यांनी जरूर जावं.

आणि जमलं तर मुलांना न्यावं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांनी २०१३च्या अभ्यासात विशीतल्या मुलांना जुनी गाणी ऐकवली, तेव्हा आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांशीही त्या मुलांच्या स्वतःच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीला एमिली आल्यानंतरचं ‘द एम्प्टिनेस मशीन’ हे गाणं तोंडपाठ आहे. तिचा लिंकिन पार्क एमिलीचा. चेस्टर म्हणजे शाळेत सोडताना आईच्या गाडीत वाजणारा माणूस. दोघी मिळून जाणार आहेत, आणि ‘नम्ब’ला कोण जास्त मोठ्याने ओरडणार यावरून घरात आत्ताच जुंपली आहे.