ढोल बंद केले, तेव्हा बांबू वाजला

कार्निव्हलच्या इतिहासात एका पोलिस अधिकाऱ्याचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. कॅप्टन आर्थर बेकर हा वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर पोलिसांचा प्रमुख होता. १८८० साली कार्निव्हलच्या रात्री त्याने पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावरच्या लोकांना मशाली, लाठ्या आणि ढोल खाली ठेवायला लावले. लोकांनी ते ठेवले. पुढच्या वर्षी तो पुन्हा आडवा आला, तेव्हा मात्र लोक तयारीत होते. २७ फेब्रुवारी १८८१च्या रविवारी मध्यरात्री मिरवणूक निघाली आणि एरवी एकमेकांची डोकी फोडणारे वेगवेगळ्या वस्त्यांचे लाठीबाज त्या रात्री एक झाले. दगड आणि बाटल्या उडाल्या, रस्त्यावरचे दिवे फुटले, पोलिसांनाही चांगलाच मार बसला. शेवटी ब्रिटिश गव्हर्नर सर सॅनफर्ड फ्रीलिंग यांना स्वतः जमावापुढे येऊन बोलावं लागलं. पोलिस बराकीत परतले आणि उरलेला सण लोकांनी आपल्या मर्जीने साजरा केला.

वरवर पाहता हा सण अगदी निरुपद्रवी आहे. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्याच्या आदले काही दिवस खाण्यापिण्याचे, सोंगांचे, नाचगाण्याचे असतात. व्हेनिसपासून रिओपर्यंत आणि न्यू ऑर्लिन्सपासून पणजीपर्यंत कार्निव्हल होतो तो याच हिशेबाने. त्रिनिदादमध्ये तो फ्रेंच मळेवाल्यांनी आणला. १७८३ साली स्पेनच्या राजाने या बेटावर येणाऱ्या कॅथलिक वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्या. शेजारच्या बेटांवरून फ्रेंच कुटुंबं आपले गुलाम घेऊन आली. १७९७ साली बेट ब्रिटिशांनी जिंकलं, तरी फ्रेंचांच्या मुखवट्यांच्या मेजवान्या चालूच राहिल्या.

या मेजवान्यांत मालक मंडळी हौसेने गुलामांचं सोंग घेत. उसाच्या फडाला आग लागली की रात्री-अपरात्री शिंगं फुंकून, मशाली पेटवून गुलामांना जुंपलं जाई. जळका ऊस खराब व्हायच्या आत तोडून घाण्यापर्यंत पोचवायचा असे. त्या धावपळीची नक्कल हा मालकांचा करमणुकीचा भाग होता. १८३८ साली गुलामगिरी पूर्णपणे संपली आणि सुटलेल्या माणसांनी तेच सोंग आपल्या हाती घेतलं. तीच शिंगं, तेच चाबूक, त्याच मशाली, पण आता रस्ता त्यांचा होता. जळक्या उसाच्या फ्रेंच नावावरूनच या मिरवणुकीला ‘कॅनबुले’ म्हणू लागले. पुढे ती कार्निव्हलच्या पहिल्या मध्यरात्री निघू लागली. ज्या रात्रीच्या वेठीची आठवण ठेवायला लोक उतरत, त्याच रात्री बेकरने त्यांच्या हातातल्या मशाली मागितल्या होत्या. १८८१चा उद्रेक समजून घ्यायचा तर एवढं पुरे आहे.

सरकारने माघार घेतली ती तेवढ्यापुरतीच. १८८४ साली कायदा आला आणि मशाली, ढोल, लाठ्या घेतलेले जथे या सगळ्यांवर बंदी आली. त्याच वर्षी बेटावरच्या दुसऱ्या एका सणावरही हात पडला आणि त्याचा संबंध थेट हिंदुस्थानाशी आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे एक लाख चाळीस हजार हिंदी मजूर करारावर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत आले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. ते मोहरमला ताजिये काढत. तिथे या सणाला ‘होसे’ म्हणतात. मुसलमानांबरोबर हिंदूही त्यात असत आणि आफ्रिकी वंशाचे लोकही. हे ताजिये शहरात आणायला सरकारने मनाई केली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडोच्या वेशीवर मिरवणुका पुढे सरकल्या तेव्हा गोळीबार झाला. किमान सोळा माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. उसाच्या मळ्यांसाठी आणलेले दोन समाज, आणि दोघांनाही एकाच वर्षी रस्त्यावरून हटवलं गेलं. मला या दोन घटना वेगळ्या वाचता येत नाहीत.

होसेतला ताशा मात्र टिकला. तिथे तो आजही ‘तासा’ या नावाने लग्नात, होसेत आणि कार्निव्हलच्या दिवसांतही वाजतो. वाजवण्याआधी शेकोटी पेटवून चामडं शेकतात, आवाज कडक झाला की मगच टिपरी उचलतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या ताशेवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता बंदीनंतर काय झालं ते पाहू. ढोल गेला, पण ताल तर हवाच होता. लोक रानात गेले आणि त्यांनी बांबू तोडून आणला. पाचेक फुटांचा जाड बांबू जमिनीवर आपटला की खर्ज निघे. हातभर लांबीचे दोन तुकडे टोकाशी टोक लावून वाजवले की मधला आवाज मिळे. बारीक बांबू खांद्यावर घेऊन काठीने ठोकला की वरचा, झपाझप चालणारा ताल निघे. ‘तांबू बांबू’ नावाचे हे ताफे पन्नासेक वर्षं वाजत राहिले. बांबू चिरतो, फुटतो, म्हणून १९३०च्या दशकात पोरांनी हाताला लागेल ते पत्र्याचं उचललं. बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याचे पिंप, मोटारीचे ब्रेकड्रम. ठोकून ठोकून पोचा पडलेल्या डब्यातून वेगवेगळे सूर निघतात, हे पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या लक्षात आलं. मग ते मुद्दाम पोचे पाडू लागले.

दुसऱ्या महायुद्धात तर कार्निव्हलवरच बंदी आली, पण वस्त्यांतल्या तालमीच्या अंगणांतला खटाटोप थांबला नाही. त्रिनिदाद तेल काढणारं बेट, शिवाय अमेरिकी तळ आलेला. पंचावन्न गॅलनच्या रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. १९४५ साली युद्ध संपल्याच्या आनंदात लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात सुरात लावलेले पत्रे होते. विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स ही या कामातली मोठी नावं.

पिंपाचं वाद्य होतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. पिंप उलटं ठेवून त्याच्या तळावर घण घालत तळ आत दाबत नेतात. पत्रा पातळ होत जातो, पण फाटता कामा नये. मग त्या खोलगट वाटीत प्रत्येक सुराची जागा आखून पोगराने कडेकडेने ठोकतात, म्हणजे एका सुराचं कंपन शेजारच्या सुरात शिरत नाही. मोठ्या जागेत खालचा सूर, छोट्या जागेत वरचा. नंतर पिंपाची कड कापायची, पत्रा आगीवर तापवायचा आणि शेवटी बारीक हातोडीने एकेक सूर जुळवत बसायचं. चांगला सूर जुळवणारा कारागीर नसेल तर आधीची सगळी मेहनत वाया. वाजवायच्या काड्यांच्या टोकाला रबर गुंडाळलेलं असतं. हे वाद्य म्हणजे स्टीलपॅन, तिथल्या लोकांच्या तोंडी नुसतं ‘पॅन’.

सभ्य घरांना ते बरीच वर्षं सहन झालं नाही. पॅन वाजवणारा म्हणजे गुंड असाच समज होता. ताफ्याताफ्यांत मारामाऱ्याही होत. मुलींनी त्या अंगणाकडे फिरकायचं नाही. १९५१ साली त्रिनिदादचा एक निवडक ताफा लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवून आला, १९६३ पासून ‘पॅनोरमा’ ही स्पर्धा सुरू झाली आणि हळूहळू समज बदलला. १९९२ साली पॅन राष्ट्रीय वाद्य ठरलं. २०२५ साली तर देशाच्या राजचिन्हातली कोलंबसाची तीन गलबतं काढून तिथे स्टीलपॅन घालण्याचा कायदा झाला.

त्रिनिदादमधून हा सण लंडनलाही गेला. १९५८ साली नॉटिंग हिल भागात काळ्या लोकांवर हल्ले झाले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेने कम्युनिस्ट म्हणून हद्दपार केलेल्या पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी त्याला उत्तर दिलं ते जानेवारी १९५९ मध्ये, सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवून. थंडीमुळे तो सभागृहात होता. १९६६ साली नॉटिंग हिलच्या रस्त्यावर मुलांसाठी एक जत्रा भरली. रसेल हेंडरसन यांचा पॅनचा ताफा वाजवत चालू लागला आणि लोक मागोमाग निघाले. आज तिथे ऑगस्टच्या अखेरीस लाखो लोक जमतात आणि पोलिस बंदोबस्तावरून दरवर्षी वाद होतात. त्यांत नवीन काही नाही.

गोव्यातलं चित्र वेगळं आहे. पोर्तुगीज काळातला ‘इंत्रुज’ मुक्तीनंतर साठच्या दशकात पणजीतल्या चित्ररथांच्या मिरवणुकीत बदलला. त्यात राजा मोमो आला, पर्यटन आलं, प्रायोजक आले. पण सासष्टीतल्या गावांत याच दिवसांत घराघरांच्या अंगणात ‘खेळ’ होतात, चांदरला मुसळं आपटत मुसळ खेळ रंगतो. कार्निव्हल पाहायला गोव्यात जाणाऱ्याने एक संध्याकाळ तरी पणजी सोडून तिकडे काढावी, असं मी आग्रहाने सांगेन.

त्रिनिदादमध्येही आज सोमवार-मंगळवारच्या मुख्य मिरवणुकीत पॅनचा आवाज क्षीण झाला आहे. मोठमोठ्या स्पीकरचे ट्रक आले आणि हाताने ढकलत नेलेला ताफा त्यांच्यापुढे ऐकू येईना. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेपुढे ढोल-ताशा कसा दबतो ते ज्याने अनुभवलंय, त्याला हे कळेल. पॅनने आपली जागा स्पर्धेत आणि अंगणात राखली आहे. जानेवारी लागला की पोर्ट ऑफ स्पेनमधली ‘पॅनयार्ड’ रात्री उशिरापर्यंत जागी असतात. मोठ्या ताफ्यात शंभराच्या घरात वादक. त्यांत शाळकरी पोरं, नर्स, वकील, आजोबा, आणि एके काळी जिथे येऊ दिलं जात नव्हतं तिथे आता मुलीही मोठ्या संख्येने. बहुतेकांच्या हाती स्वरलिपीचा कागद नसतो. आठेक मिनिटांची गुंतागुंतीची रचना ओळीओळीने ऐकून, घोकून पाठ केली जाते. या तालमी ऐकायला तिकीट लागत नाही. वस्तीतली माणसं खुर्च्या घेऊन येतात, चुकलेली जागा त्यांनाही कळते. स्पर्धेच्या रात्री चाकं लावलेले लोखंडी सांगाडे, वर पिंपं, हीच माणसं ढकलत क्वीन्स पार्क सॅव्हानाच्या मैदानापर्यंत नेतात. आणि कार्निव्हलच्या आदल्या शुक्रवारी, उजाडायच्या आत, पिकॅडिली ग्रीन्सवर १८८१ची लढाई नाटकातून पुन्हा उभी राहते. त्यात आजही बेकर येतो आणि आजही हरतो.