लाऊडस्पीकर कसा टांगावा?

माझ्या मामाचा मांडवाचा व लाऊडस्पीकरचा धंदा आहे. सुट्टीत मी त्याच्या हाताखाली असतो. वायर गुंडाळणे, खुंट्या मोजणे ही माझी कामे. लोक गाणी ऐकतात, पण वरचा बॉक्स कशावर लटकला आहे हे कोणी बघत नाही. मीपण बघत नव्हतो.

गेल्या वर्षी एका जत्रेत बॉक्स खाली पडला. माझी धाकटी बहीण त्याच्याच खाली बसली होती. ती पाणी प्यायला उठली आणि मागे धाडकन आवाज झाला. त्या रात्री मामा जेवला नाही. सकाळी बघितले तर दोर शाबूत! दोर बॉक्सच्या मुठीला बांधला होता आणि मुठीचे स्क्रू लाकडातून उपटून आले होते. मूठ उचलून नेण्यासाठी असते, टांगण्यासाठी नसते.

मग मामाने मला वहीवर हिशेब करायला लावला. बॉक्स २४ किलो, लोखंडी कड्या २ किलो, मिळून २६. दोराच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ५०० किलोला तुटतो. मला वाटले, चिक्कार झाले. मामा म्हणाला, "आरं, गाठ मारली की ताकद निम्म्यावर येती." म्हणजे २५० किलो. "आणि माणसांच्या डोक्यावर टांगायचं तर त्याचा दहावा भागच धरायचा." २५० भागिले १० म्हणजे २५. आमचा बॉक्स २६ चा. एका किलोने नापास!

दहावा भाग का, तर वारा असतो, हिसका बसतो, दोर उन्हाने कुजतो व घासतो. हिसका बघायचा असेल तर वाळूची छोटी पिशवी दोरीला बांधून हातभर उंचीवरून सोडा. दोरी हाताला कशी कापते ते कळेल. (पाय बाजूला ठेवा.)

मी म्हणालो, दोन दोर लावू, १३-१३ किलो येतील. मामा म्हणाला, सरळ खाली आले तरच. मला पटले नाही, म्हणून गुरुजींना विचारले. त्यांनी विज्ञानपेटीतले दोन ताणकाटे काढले व १ किलोची पिशवी दोघांत अडकवली. काटे जवळ धरले तेव्हा दोन्हीत अर्धा-अर्धा किलो. मी आणि माझा मित्र लांब सरकलो, तसे आकडे वाढू लागले. दोऱ्यांमधला कोन १२० अंश झाला तेव्हा प्रत्येक काट्यावर पुरा १ किलो! आणखी ओढले तर त्याहून जास्त. दोरी एकदम आडवी तर होतच नाही, कितीही जोर लावा. म्हणजे फार तिरके बांधले तर दोन दोर असूनही प्रत्येकावर २६ किलो. शिवाय एक तुटला तर दुसऱ्यालाच सगळे वजन पेलायचे.

आता मामा जाड दोर घेतो, बॉक्सच्या टांगायच्या कड्यांनाच बांधतो आणि वेगळ्या जागेवरून पोलादी तारेचा एक जादा फास लावतो. तो फार ढिला ठेवत नाही, नाहीतर पडताना हिसका बसतो.

आमच्या शाळेच्या संमेलनाला मात्र बॉक्स टेबलावरच राहील. मामाने व्हरांड्याच्या तुळईवर टकटक केली, आतून पोकळ आवाज आला. वाळवी आहे. भोंगा ६ किलोचा, तो लिंबाच्या जाड फांदीला बांधणार. खाली चुन्याने गोल आखायचे काम माझे आहे. त्या गोलात कोणी बसू नये. पहिलीच्या मुलांना मी आधीच सांगून ठेवले आहे.

– इयत्ता ४ थी