सोळाव्या वर्षीचं सुवर्ण

एका वाचकाने विचारलं आहे: महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीत चार वर्षांचे घोडे पळतात, मग ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगमध्ये सोळा वर्षांचा घोडा जिंकतो कसा?

हा घोडा म्हणजे जर्मनीच्या मिखाएल युंगचा सॅम. 2010 मध्ये जगज्जेता, 2012 ला लंडनमध्ये सुवर्ण आणि 2016 ला, सोळाव्या वर्षी, रिओत पुन्हा सुवर्ण. न्यूझीलंडच्या मार्क टॉडचा कॅरिस्मा 1988 मध्ये सोलला दुसऱ्यांदा जिंकला, तेव्हा तोही सोळाचाच! आपल्या फवाद मिर्झाला टोकियोत अंतिम फेरीत नेणारा सेन्यूर मेडिकॉट पंधरा वर्षांचा होता.

इव्हेंटिंगच्या तीन भागांपैकी ड्रेसाज आणि शो जंपिंगमध्ये वयाबरोबर सफाई येते, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं पुढच्या पायात, गुडघ्याखाली सापडतं. तिथे स्नायू जवळजवळ नसतातच, असतात त्या लांब कंडरा. ऑलिम्पिकच्या क्रॉस-कंट्रीत मिनिटाला 570 मीटरचा वेग राखायचा आणि वाटेतले भक्कम अडथळेही ओलांडायचे. भरधाव दौडीत या पायाच्या मागच्या बाजूची कंडरा दर टापेला 16 टक्क्यांपर्यंत ताणली जाऊ शकते. तुटायची मर्यादा तिथून फार लांब नसते. ताणात साठलेली बहुतेक ऊर्जा पुढच्या झेपेला परत मिळते. थोडी मात्र उष्णता होऊन आतच राहते, तार पुन्हा पुन्हा वाकवली की तापते तशी.

ती किती तापते? ॲलन विल्सन आणि ॲलन गुडशिप यांनी दौडणाऱ्या घोड्यांच्या कंडरेत तापमापक बसवून हे मोजलं. 1994 मध्ये त्यांनी आकडा जाहीर केला: गाभ्यात 45 अंश सेल्सियसपर्यंत! काय धाडसाचा प्रयोग! विजेत्यांची नावं घोडेप्रेमींना पाठ असतात. या दोघांची नावंही तितक्याच आदराने घ्यायला हवीत. त्या उष्णतेत कंडरेच्या पेशी तग धरतात, पण भोवतालचे तंतू वर्षानुवर्षं नकळत झिजत असावेत. रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे दुखापत भरायला महिनोन् महिने लागतात आणि भरली तरी तिथे पूर्वीची लवचीकता येत नाही.

म्हणून घोड्याचा जन्मदाखला पाहून त्याची कारकीर्द मोजण्यात अर्थ नाही. त्याच्या कंडरांनी किती भरधाव टापा सोसल्या, हा खरा हिशेब. रक्तातच वेग असतो, वंशावळ पाहा, असं सांगणाऱ्यांवर मी तरी भिस्त ठेवणार नाही. चाणाक्ष स्वार घोड्याला वर्षातून मोजक्याच मोठ्या स्पर्धांत उतरवतो. पायांना बांधलेले बूट अडथळ्यांच्या ठोकरीपासून वाचवतात, पण उष्णताही कोंडून ठेवतात. म्हणून क्रॉस-कंट्री संपताच ते काढून पायांवर गार पाणी ओततात.